कळलावी

पावसाळ्याचे पहिले काही आठवडे सरले, की कोकणातील गडग्यांवर, सह्याद्रीच्या घाटांतील झुडपांवर आणि शेताच्या बांधांवरील कुंपणांत एक नाजूक वेल हळूहळू वर चढू लागतो. करवंदीच्या जाळीत तो महिना-दीड महिना कोणाच्या लक्षातही येत नाही. मग श्रावणाच्या सुमारास त्याच जाळीवर पिवळ्या-तांबड्या ज्योती लागल्यासारख्या दिसतात. पाकळ्यांच्या कडा नागमोडी, टोके वर वळलेली आणि रंग बुडाशी पिवळा, वर लालभडक. वाटेने जाणारा मनुष्य थबकतो, फुलाकडे पाहतो आणि बहुधा हात आखडता घेऊन पुढे जातो. या फुलाचे नाव कळलावी. रूपाने इतके देखणे आणि नावाने इतके बदनाम असे दुसरे रानफूल मराठी मुलखात क्वचितच असेल.

या वनस्पतीला मराठीत जितकी नावे आहेत, तितके तिच्याकडे पाहण्याचे दृष्टिकोन आहेत. ‘कळ’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. पोटात कळ येते ती वेदना आणि दोघांत कळ लावली जाते ते भांडण. इकडचे तिकडे सांगून भांडणे पेटवणाऱ्या माणसाला कळलाव्या म्हणतात आणि नारदमुनींनाही लोकांनी हे विशेषण लावून टाकले आहे. कळलावीच्या नावात हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून सुइणी या वेलाच्या कंदाचा लेप लावीत. त्यावरून कळा आणणारी ती कळलावी, असा एक अर्थ. दुसरा अर्थ लोकसमजुतीतून आलेला आहे. हे फूल घरात आणले, तर घरातील माणसांत भांडणे जुंपतात, असे आजही अनेक गावांत मानले जाते. त्यामुळे परसात गुलाब, जास्वंद, शेवंती हौसेने लावणारी माणसेही या वेलाला कुंपणाच्या आत येऊ देत नाहीत.

संस्कृत नावे निराळी दृष्टी देतात. फुलाच्या रूपावरून ‘अग्निशिखा’, म्हणजे अग्नीची ज्वाळा, आणि कंदाच्या आकारावरून ‘लांगली’. लांगल म्हणजे नांगर. जमिनीखालचा हा कंद दोन बाहूंचा असतो व ते बाहू एकमेकांशी कोन करून जोडलेले असतात. तो उकरून हातात घेतला, तर लहानसा नांगर हातात आल्यासारखे वाटते. ज्याने हे नाव ठेवले, त्याने फूल पाहून समाधान न मानता माती उकरून पाहिली होती, हे उघड आहे. वेलाच्या पानांच्या वाकड्या टोकांवरून ‘वाघनखी’ असेही त्याला काही ठिकाणी म्हणतात. मात्र वाघनखी हे नाव इतरही काही वनस्पतींना दिले जाते, म्हणून केवळ या नावावर विसंबून रोप ओळखू नये.

कोकणातील ‘गौरीचे हात’ हे नाव या सर्वांत हृद्य म्हणावे लागेल. भाद्रपदात गौरी येतात, तेव्हा हा वेल ऐन बहरात असतो. कोकणात तेरड्याच्या रोपांची गौर बसवण्याची प्रथा आहे. रानातूनच आलेल्या या देवीला रानातल्याच फुलांचे हात मिळाले. बाजूंना पसरलेले सहा लांब पुंकेसर पाहिले, की हे नाव किती नेमके आहे ते कळते. गोव्यात गणपतीच्या वर जी माटोळी बांधतात, तिच्यात रानातील फळे, शेंगा आणि फुले गुंफलेली असतात; त्यांतही हे फूल असते. म्हणजे एकीकडे घरात आणू नये असा दंडक आणि दुसरीकडे खुद्द देवघरात मान, अशी या फुलाची परस्परविरोधी प्रतिष्ठा आहे.

तमिळ भाषेत या फुलाला कांदळ म्हणतात आणि तांबड्या कांदळाला सेंगांदळ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या संघम साहित्यात कांदळ हे डोंगराळ प्रदेशाचे फूल म्हणून वारंवार येते. कपिलर या कवीच्या ‘कुरिंजिप्पाट्टु’ या काव्यात डोंगरातील मुलींनी वेचलेल्या सुमारे शंभर फुलांची नावे एकापाठोपाठ एक येतात आणि त्या मालिकेचा प्रारंभ कांदळाने होतो. त्या साहित्यात स्त्रीच्या बोटांना कांदळाच्या पाकळ्यांची उपमा दिलेली आढळते. कोकणातल्या अनाम बाईने या फुलात गौरीचे हात पाहिले आणि तमिळ कवींनी प्रियेची बोटे पाहिली. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती, तरी दृष्टी एकच होती. तंजावरला तीन शतकांहून अधिक काळ मराठी बोलणारी कुटुंबे राहत आहेत. त्यांच्या कानांवर ही दोन्ही नावे पडली असल्यास नवल नाही. आज सेंगांदळ हे तमिळनाडू राज्याचे राज्यपुष्प आहे. आफ्रिकेतील झिंबाब्वे या देशाचेही हेच राष्ट्रीय फूल आहे. महाराष्ट्राने राज्यपुष्पाचा मान ताम्हणाला दिला. कळलावीला तो मिळण्याची शक्यता तिच्या नावामुळेच मावळली असती, असे गमतीने म्हणता येईल.

वनस्पतिशास्त्रात या वेलाला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असे नाव आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली ते दिले. ‘ग्लोरिओसा’ म्हणजे वैभवशाली आणि ‘सुपर्बा’ म्हणजे दिमाखदार; शास्त्रीय नावात इतकी उघड स्तुती सहसा आढळत नाही. आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशापासून भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियापर्यंत ही वनस्पती निसर्गतः वाढते. पूर्वी तिची गणना लिलीच्या कुळात होत असे. आता ती ‘कोल्चिकेसी’ या वेगळ्या कुळात धरली जाते.

या वेलाची चढण्याची रीत पाहण्यासारखी आहे. काकडीच्या किंवा दोडक्याच्या वेलाला आधार पकडण्यासाठी स्वतंत्र तणावे असतात. द्राक्षवेलीचेही तसेच. कळलावीला असे वेगळे तणावे नाहीत. तिच्या प्रत्येक पानाचे टोकच लांब व बारीक होऊन तणाव्याचे काम करते. पान एरवी भाल्याच्या पात्यासारखे, देठाविना खोडाला चिकटलेले आणि चकचकीत हिरवे असते. परंतु शेवटास ते दोरीसारखे निमुळते होते. एखादी काडी, गवताचे पाते किंवा शेजारच्या झुडपाची फांदी त्या टोकाला लागली, की टोक तिच्याभोवती वेटोळे घालते. अशा शेकडो लहान गाठींच्या आधारावर हा वेल दोन-तीन मीटर आणि अनुकूल जागी त्याहूनही उंच चढतो. त्याचे स्वतःचे खोड मात्र इतके ठिसूळ असते, की जरा वाकवताच कांडे मोडते.

फुलाची रचनाही अशीच चमत्कारिक आहे. कळी हिरवट असते आणि मान खाली घालून लोंबते. उमलताना सहा पाकळ्या मागे वळतात आणि वर उभ्या राहतात. त्यामुळे फूल प्रत्यक्षात खाली तोंड करून असूनही ज्योतीसारखे वर उठल्याचा भास होतो. पहिल्या दिवशी पाकळ्यांवर हिरवट-पिवळी छटा असते. पुढे तिचे पिवळ्यात, पिवळ्याचे केशरीत आणि केशरीचे गडद तांबड्यात रूपांतर होते. एकाच वेलावर वेगवेगळ्या वयांची फुले असल्याने हे सर्व रंग एकाच वेळी पाहायला मिळतात. पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूकडे पसरतात. स्त्रीकेसराची काडी तर अंडाशयापासून काटकोनात वळून एका बाजूला निघून जाते. तिच्या टोकावर फुलाचे स्वतःचे पराग सहजासहजी पडू नयेत, अशी ही योजना आहे. मधाच्या शोधात आलेली फुलपाखरे आणि शिंजीर पक्षी पंखांवर किंवा अंगावर पराग घेऊन दुसऱ्या फुलाकडे जातात.

येथपर्यंतचे वर्णन वाचून कोणालाही हा वेल आपल्या अंगणात असावा असे वाटेल. तो लावता येतो आणि तो लावणे फारसे अवघडही नाही. परंतु लागवडीची माहिती घेण्यापूर्वी या वनस्पतीचे दुसरे अंग नीट समजून घेतले पाहिजे. कळलावी ही सर्वांगाने विषारी आहे. कंद, बिया, पाने, फुले यांपैकी कोणताही भाग पोटात जाणे धोक्याचे आहे. कंद व बिया विशेषच. आयुर्वेदातही तिची गणना उपविषांत केलेली आहे.

या विषाचे मुख्य द्रव्य म्हणजे कोल्चिसिन. ते प्रथम १८२० साली पेल्तिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी युरोपातील कोल्चिकम या वनस्पतीतून वेगळे केले. कळलावी ही त्याच कुळातली. कोल्चिसिनचे कार्य एका वाक्यात सांगायचे, तर ते पेशींचे विभाजन थांबवते. एका पेशीच्या दोन पेशी होताना आतील गुणसूत्रे दोन्ही बाजूंना ओढून नेणारे सूक्ष्म धागे तयार व्हावे लागतात. कोल्चिसिन हे धागे तयारच होऊ देत नाही. म्हणूनच शरीरात जेथे पेशी सतत नव्याने निर्माण होत असतात, तेथे त्याचा घाव प्रथम बसतो: आतड्याचे अस्तर, हाडांतील मगज आणि केसांची मुळे. विषबाधा झालेल्या माणसाला काही तासांनी तीव्र उलट्या व जुलाब सुरू होतात. पुढील काही दिवसांत मूत्रपिंड, हृदय व रक्तनिर्मिती यांवर परिणाम होतो. त्यातून जो वाचतो, त्याचे केस एक-दोन आठवड्यांनी गळू लागतात.

या विषाची सर्वांत फसवी बाब म्हणजे ते लगेच काही दाखवत नाही. खाल्ल्यानंतर पहिले काही तास माणूस ठीक दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. वेळ मात्र निघून जात असते. या विषावर सहज मिळणारा उतारा नाही. रुग्णालयात डॉक्टर शरीराला आधार देऊन रुग्णाला वाचवण्याचा प्रयत्न करतात आणि तो प्रयत्न जितका लवकर सुरू होईल, तितका बरा. म्हणून कोणी या वेलाचा भाग खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी त्रास होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, वेलाचा तुकडा सोबत न्यावा आणि घरगुती उपाय करत बसू नये. भारतात आणि श्रीलंकेत या कंदामुळे झालेल्या विषबाधांपैकी काही घटना केवळ चुकीने घडलेल्या आहेत. उकरलेला कंद रताळ्यासारखा किंवा रानातील खाण्याजोग्या कंदासारखा दिसतो आणि कोणीतरी तो शिजवतो.

बाळंतपणात या कंदाचा लेप लावण्याची जी जुनी प्रथा वर सांगितली, ती ज्या काळात जवळपास दवाखाना नव्हता, त्या काळातील हतबलतेतून आलेली होती. आज तिचे अनुकरण करण्याला कोणतेही समर्थन नाही. गर्भपातासाठी हा कंद पोटात घेतल्याने स्त्रियांचे प्राण गेले आहेत. ‘झाडपाल्याचे औषध म्हणजे अपाय नाही’ या समजुतीला कळलावीइतके परखड उत्तर दुसऱ्या कोणत्या वनस्पतीने दिले नसेल.

हेच विष योग्य हातांत औषधही होते. गाउट या सांध्यांच्या वेदनादायक रोगावर डॉक्टर अत्यंत अल्प मात्रेत कोल्चिसिन देतात. २०२३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही त्याच्या अल्प मात्रेला मान्यता दिली. शेतीशास्त्रज्ञांनी १९३७ पासून त्याचा आणखी एक उपयोग केला. पेशीविभाजन मध्येच थांबले, की पेशीतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते. या युक्तीने पिकांच्या नव्या जाती तयार करता येतात. बाजारात मिळणाऱ्या बिनबियांच्या कलिंगडाचा वंश अशाच एका दुप्पट गुणसूत्रांच्या कलिंगडापर्यंत जाऊन पोहोचतो. औषधनिर्मितीसाठी लागणाऱ्या बियांकरिता तमिळनाडूतील दिंडिगल, करूर, तिरुप्पूर अशा जिल्ह्यांत कळलावीची शेती केली जाते. तेथील शेतकरी फुलांच्या हंगामात सकाळी शेतात जाऊन एकेका फुलाचे परागसिंचन हाताने करतात, कारण फुलाची ती काटकोनात वळलेली काडी रानात सोयीची असली, तरी पिकाच्या उत्पन्नाला अडचणीची ठरते.

आता प्रश्न असा, की असा वेल घरी लावावा का? ज्या घरात सर्व काही तोंडात घालण्याच्या वयाची मुले आहेत किंवा ज्या अंगणात शेळ्या, वासरे, कुत्री मोकळी फिरतात, तेथे लावू नये. ही वर्षे सरेपर्यंत थांबावे. इतरांनी लावण्यास हरकत नाही. बागेत शोभेसाठी सर्रास लावली जाणारी पिवळी कण्हेर आणि धोतरा हीही विषारीच आहेत. त्यांच्याशी माणसाने सावधपणे नांदण्याची रीत पाडली आहे. कळलावीच्या बाबतीत ती रीत पाडावी लागेल, एवढेच. भांडणाच्या भीतीने मात्र ती टाळण्याचे कारण नाही. ज्या घरात भांडणे होतात, तेथे त्यांना फुलाची गरज पडत नाही.

कंद रानातून उकरून आणू नये, ही पहिली अट. औषधासाठी कंद खणून नेल्यामुळे अनेक ठिकाणी हा वेल विरळ झाला आहे, आणि एक कंद खणला की त्या जागची पुढील सर्व वर्षांची फुले संपतात. देशी वनस्पती ठेवणाऱ्या रोपवाटिकांत किंवा ज्यांच्याकडे हा वेल आधीपासून आहे, त्यांच्याकडे उन्हाळ्यात कंद मिळतात. कंद निवडताना तो टणक, न सुकलेला आणि निदान ५० ग्रॅम वजनाचा असावा. फार लहान कंदातून वेल येतो, पण त्या वर्षी फूल येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंदाच्या बाहूचे टोक शाबूत असावे. नवा कोंब त्या टोकातूनच फुटतो. टोक मोडले, तर उरलेला कंद कितीही रसरशीत असला, तरी तो बाहू पुन्हा उगवत नाही. बटाट्याप्रमाणे याचे तुकडे करून लावण्याचा मोह म्हणूनच उपयोगाचा नाही. कंद हाताळताना हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण काहींच्या त्वचेला त्याच्या रसाने दाह होतो.

महाराष्ट्रात लागवडीला मे महिन्याचा शेवट किंवा जूनचा प्रारंभ योग्य. जमिनीत लावायचा असेल, तर पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची जागा पाहावी. कुंडीत लावायचा असेल, तर निदान ३० सेंटिमीटर खोल व तितक्याच रुंद तोंडाची कुंडी घ्यावी आणि तिच्या बुडाला पाणी वाहून जाण्याची भोके मोकळी आहेत याची खात्री करावी. दोन वाटे माती, एक वाटा जाड वाळू आणि एक वाटा चांगले कुजलेले पानांचे किंवा शेणाचे खत असे मिश्रण या वेलाला मानवते. रानात तो मुरमाड उतारावर आणि समुद्रकाठच्या वालुकामय जमिनीतही वाढतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याला काळी चिकण माती का चालत नाही, हे निराळे सांगावे लागत नाही. कंद आडवा ठेवून त्यावर पाच ते सात सेंटिमीटर माती यावी. कोंब दिसेपर्यंत माती केवळ ओलसर ठेवावी. या काळात दररोज पाणी घातले, तर कंद आतल्या आत सडतो. हौशी माणसांचे बहुतेक कंद असेच वाया जातात.

आधाराची व्यवस्था कोंब वर येण्यापूर्वीच करावी. येथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. जाड बांबू रोवला, म्हणजे वेल त्यावर चढेल असे वाटते. पण पानाच्या टोकाला जाड बांबूभोवती वेटोळे घालता येत नाही. त्याला काडीइतक्या बारीक वस्तू हव्या असतात. फांद्या-डहाळ्यांसह वाळलेली एखादी झुडुपाची फांदी, तारेची जाळी किंवा बांबूला बांधलेली सुतळी हे आधार चांगले. सर्वांत उत्तम आधार जिवंत झुडपाचा. परसात मेंदीचे किंवा कोरांटीचे कुंपण असेल, तर त्याच्या बुडाशी कंद लावावा. मुळांवर सावली आणि शेंड्यावर ऊन अशी रानातली स्थिती तेथे आपोआप मिळते. वेलाला दिवसातून चार-पाच तास ऊन मिळाले, तरी पुरते. एकदा वेल चढू लागला, की त्याला सोडवून दुसरीकडे वळवण्याच्या भानगडीत पडू नये. शेंडा मोडला, तर त्या वर्षीच्या फुलांवर पाणी सोडावे लागते.

पावसात वेगळे पाणी देण्याची गरज नसते. आठ-दहा दिवस उघडीप पडली, तर द्यावे. लागवडीपासून साधारण दोन महिन्यांनी वरच्या पानांच्या बगलेत कळ्या दिसू लागतात आणि महिना-दीड महिना एकामागून एक फुले उमलत राहतात. याच काळात एक पाहुणा हमखास येतो. काळसर अंगावर पांढरे व तांबडे-केशरी ठिपके असलेल्या सुरवंटांची एक टोळी पानांवर दिसते आणि दोन-तीन दिवसांत पाने फस्त करते. हे पॉलिटेला ग्लोरिओसी नावाच्या पतंगाचे सुरवंट. पतंगाला नावही या वेलावरूनच मिळाले आहे. ज्या विषाने माणूस दगावतो, ते पचवून हा सुरवंट वाढतो. वेल वाचवायचा असेल, तर रोज सकाळी पानांची खालची बाजू पाहून सुरवंट काडीने काढावेत. बाग मोठी असेल, तर एक-दोन वेल त्यांच्यासाठी सोडून द्यावेत. त्यांतून निघणारा तांबड्या-काळ्या नक्षीचा पतंग फुलाहून कमी देखणा नसतो.

ऋतूंचे हे वेळापत्रक सर्वत्र सारखे नाही. तमिळनाडूच्या बऱ्याच भागात मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तेथे हे फूल कार्तिकाच्या सुमारास भरात असते आणि म्हणून तमिळमध्ये त्याला ‘कार्तिगैप्पू’ असेही नाव आहे. भोपाळ किंवा दिल्लीकडे राहणाऱ्यांनी कंद मोसमी पावसाच्या तोंडावर लावावा आणि थंडीच्या दिवसांत कुंडी पूर्ण कोरडी ठेवून आडोशाला घ्यावी. कंद कडाक्याच्या थंडीत आणि ओल्या मातीत एकाच वेळी राहिला, तर टिकत नाही. परदेशी राहणाऱ्यांनी मात्र आपल्या देशाचे नियम पाहावेत. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर शोभेसाठी नेलेला हा वेल बागांतून निसटला आणि तेथील वाळूच्या टेकड्यांवर उपद्रवी तण होऊन बसला आहे. सह्याद्रीत ज्याला आटोक्यात ठेवणारे सुरवंट, बुरशी आणि कोरडा उन्हाळा आहे, त्याला तेथे कोणी रोखणारे नव्हते.

फुले गळल्यावर परागसिंचन झालेल्या फुलांच्या जागी लांबट हिरवी फळे धरतात. ती पिकून तडकली, की आत तांबड्या-केशरी गोल बियांच्या ओळी दिसतात. या बिया दिसायला मण्यांसारख्या सुंदर असतात आणि म्हणूनच लहान मुलांच्या हाती लागण्याचा धोका सर्वाधिक असतो. बी धरायचे नसेल, तर सुकलेली फुले वेळीच खुडून टाकावीत. त्यामुळे कंदही अधिक पोसतो. बियांपासून रोपे करता येतात, पण त्याला धीर लागतो. बी बरेच महिने सुप्त राहते, उगवते ते मागेपुढे, आणि पहिल्या वर्षी गवतासारखी चार-दोन पानेच येतात. फूल दिसण्यास तीन-चार वर्षे जातात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास वेल पिवळा पडू लागतो. नवख्या माणसाला वाटते की पाणी कमी पडले, आणि तो अधिक पाणी घालतो. प्रत्यक्षात वेलाचे काम संपलेले असते. पानांनी तयार केलेले अन्न खाली उतरून नव्या कंदात साठत असते आणि लावलेला जुना कंद आक्रसून संपलेला असतो. या वेळी पाणी हळूहळू बंद करावे. वेल पूर्ण वाळला, की तो मातीलगत कापावा आणि वाळलेली पाने जनावरांच्या वैरणीत किंवा गोठ्यात जाणार नाहीत अशा रीतीने पुरून टाकावीत. कंद जमिनीत तसाच राहू दिला तरी चालतो. मात्र त्या जागी खूण असावी. नाहीतर हिवाळ्यात त्याच वाफ्यात मेथी लावण्यासाठी कुदळ पडते आणि नेमके कोंबाचे टोक तुटते.

कंद काढून ठेवायचे असतील, तर ते कोरड्या वाळूत, हवेशीर आणि सावलीच्या जागी ठेवावेत. ही जागा स्वयंपाकघरात किंवा कांदे-बटाटे ठेवण्याच्या कोनाड्यात कधीही नसावी. डब्यावर ‘कळलावी – विषारी’ असे ठळक अक्षरांत लिहून ठेवावे आणि घरातील प्रत्येकाला, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्याला, तो डबा एकदा दाखवावा. मेच्या अखेरीस झाकण उघडले, की कंदाच्या टोकाशी पांढुरका कोंब पाणी न मिळताही पुढे सरकलेला दिसतो. तो दिसल्यावर लावणीला आठ दिवसांहून अधिक उशीर करू नये.